माथेरानची हवा आणि माणसाचा दम

माथेरानला वाहन नाही, असं सांगणारा प्रत्येक माणूस अर्धंच सांगतो. वाहन आहे. त्याला चाकं आहेत, बसायला गादी आहे, डोक्यावर छत आहे, भाडं ठरलेलं आहे. इंजिन तेवढं माणसाचं आहे. एक जण पुढून दांडा ओढतो, दोघं मागून रेटतात आणि आत बसलेलं कुटुंब मोबाईलवर झाडांचे फोटो काढत बाजारात पोहोचतं. तिथे उतरून म्हणतं, 'काय शुद्ध हवा आहे!'

आम्ही उर्दू शिकवणारे लोक 'दम' हा शब्द मुलांना दोन अर्थांनी समजावतो. दम म्हणजे श्वास, आणि दम म्हणजे बळ. मराठीत तिसरा अर्थ येऊन बसला: दम लागणे. माथेरानच्या चढावर हे तिन्ही अर्थ एका माणसाच्या छातीत गोळा होतात. ती छाती आपण 'पर्यावरण' या नावाखाली झाकून ठेवली, हे माझं आजचं म्हणणं आहे. आणि हे झाकण्यात आपला समाजही मागे नाही, हे त्याहून महत्त्वाचं.

आधी जागा नीट पाहू. माथेरान म्हणजे साधारण आठशे मीटर उंचीवरचं, चहूबाजूंनी कडे तुटलेलं एक पठार. नेरळहून वर बघा, डोंगराच्या अंगावर आडव्या रेघा दिसतात. त्या लाव्हाच्या थरांच्या आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. त्यातून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. वरचा खडक ऊन-पावसाने कुजून जांभा झाला, म्हणून माथेरानची वाट लाल आणि तुमचे पांढरे बूट संध्याकाळपर्यंत विटकरी. त्या जांभ्यावर जांभूळ, हिरडा, अंजन यांचं दाट रान. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान.

या रानाच्या मध्यावर एक बाजार आहे. चिक्की, मध, चामड्याच्या चपला, खानावळी, चहाची दुकानं. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती साडेचार हजारांच्या आत होती. एवढ्या लोकांचं पोट पाहुण्यांवर चालतं. दूध, तांदूळ, गॅसची टाकी, सिमेंटची गोणी, हॉटेलातल्या चादरी, सगळं दस्तुरी नाक्यापर्यंत मोटारीने येतं आणि तिथून पुढे घोड्यावर किंवा हातगाडीवर. नाक्यापासून बाजार अडीच-तीन किलोमीटर. पर्यटकाला हे अंतर म्हणजे गंमत. तीच वाट दिवसातून चार वेळा, वर दोन माणसं आणि त्यांच्या बॅगा लादून, पावसाळ्यातल्या चिखलातून करायची असेल तर तिला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

आता आपल्या घरातली गोष्ट.

दरवर्षी कुणीतरी मला एक संदेश पाठवतं. माथेरानच्या छोट्या गाडीचा फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं की ही रेल्वे एका मुसलमानाने बांधली, पण इतिहासाने त्याला विसरलं, पुढे पाठवा. गोष्ट खरी आहे. मुंबईचे दाऊदी बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून ही दोन फुटी रुळांची वाट तयार झाली. १९०४ ला काम सुरू, २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू. खर्च सोळा लाख रुपये, त्या काळचे. बोगदे खोदण्याऐवजी घोड्याच्या नालासारखी वळणं घेत साधारण एकवीस किलोमीटरची चढण. आज ही रेल्वे मध्य रेल्वे चालवते आणि युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत तिचं नाव आहे. शाळेच्या सहलीत मुलांना हे सांगताना मला आनंद होतो. आमच्या मुलांना 'तुमचं इथे काय आहे?' असं ऐकावं लागतं, तेव्हा असं एखादं उत्तर खिशात असलेलं बरं, हेही मी जाणते.

पण त्या उत्तराचं आपण काय करतो, तेही बघा. ज्या १९०७ साली गाडी सुरू झाली, त्याच साली इंग्रज सरकारने आदमजींना 'सर' केलं आणि त्याच डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांची संपत्ती बरीचशी लष्कराला तंबू आणि चामड्याचं सामान पुरवून आलेली. अभिमानाच्या संदेशात यातलं काहीच नसतं. द्वेषाच्या संदेशात फक्त एवढंच असतं. दोघांनाही माणूस नको आहे, प्रमाणपत्र हवं आहे. पीरभॉय बापलेक दानशूर होते, धाडसी होते, सरकारदरबारी वजन असलेले व्यापारी होते. या तिन्ही गोष्टी एकत्र धरता आल्या तरच तो इतिहास, नाहीतर ती लग्नाच्या बैठकीत सांगायची वंशावळ.

आणि मला खटकतं ते आणखी पुढचं. सोळा लाख कुणाचे, हे आपल्याला पाठ आहे. पहार कुणाची, हे विचारायची आपल्याला सवयच नाही. काळा पाषाण फोडून, दरीच्या कडेवर रुळ बसवणारे हात कुणाचे होते? मालकाचा धर्म आपण सांगतो आणि मजुराचा धर्म विचारतही नाही, कारण त्याच्यामुळे कुणाची मान उंच होत नाही. शंभर वर्षांनंतरही तेच चालू आहे. माथेरानच्या रेल्वेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी माथेरानच्या हातरिक्षेवर एक ओळ लिहिली? रिक्षा ओढणाऱ्यांत आपले किती आणि दुसऱ्यांचे किती, हे मोजायला मी बसणार नाही. मोजून मग हळहळायचं असेल तर ती हळहळ माझ्या कामाची नाही.

मागे सहलीहून आल्यावर मी मुलांना निबंध दिला होता. सातवीचा वर्ग, एका पानाचा निबंध. माकडं होती, एको पॉइंट होता, शार्लट लेक होता, चिक्की तर प्रत्येक वहीत होती. रिक्षा ओढणारा माणूस एकाही वहीत नव्हता. मुलांचा दोष नाही. 'निसर्गरम्य' या शब्दात माणूस बसत नाही, हे आम्हीच त्यांना शिकवलं. ठिकाण सुंदर आहे असं लिहायचं तर आधी त्यातला घाम पुसून टाकायचा, ही आपल्या सहलीच्या निबंधांची आणि प्रवासवर्णनांची जुनी रीत.

आता पर्यावरणाकडे येते. केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३ ला माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी सोडून गावात मोटारींना बंदी. हा निर्णय मला मान्य आहे. एकदा नव्हे, शंभरदा मान्य आहे. जांभ्याची माती सैल असते, झाडाची मुळं सुटली की ती पहिल्या मोठ्या पावसात खाली येते. २६ जुलै २००५ च्या पावसाने ही रेल्वे अशी उखडली की ती पूर्ववत व्हायला २००७ उजाडलं. अशा डोंगरावर मुंबईच्या मोटारी चढू द्यायच्या म्हणजे डोंगराला मारायचं. इतर थंड हवेच्या ठिकाणी शनिवारी-रविवारी गाड्यांच्या रांगा आपण पाहतोच.

माझा प्रश्न बंदीवर नाही, बंदीच्या किमतीवर आहे. मोटार थांबवली, पण पाहुणे थांबले नाहीत, त्यांच्या बॅगा थांबल्या नाहीत, हॉटेलंही थांबली नाहीत. ओझं तेवढंच राहिलं, किंबहुना वाढलं. मोटारीने उचलायचं ते ओझं मग कुणी उचललं? माणसाने आणि घोड्याने. जंगल वाचवण्याचा खर्च त्या गावातल्या सगळ्यात गरीब माणसाच्या गुडघ्यांवर टाकला गेला, आणि हवा मात्र सगळ्यांनी वाटून घेतली. यात हॉटेलमालकाचं काही गेलं नाही, पर्यटकाचं काही गेलं नाही, फाईलवर सही करणाऱ्याचंही काही गेलं नाही.

हे सहन न होऊन स्थानिक रिक्षाचालकांच्या संघटनेने आणि त्यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या एका निवृत्त शिक्षकाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मागणी साधी होती: आम्हाला विजेवर चालणारी रिक्षा द्या. धूर नाही, आवाज नाही, आणि माणसाला जनावरासारखं जुंपणं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२ पासून तीन महिने सात ई-रिक्षांचा प्रयोग झाला. मग थांबला. मग समित्या, मग संख्या किती असावी यावर वाद, मग रस्त्याला कोणते ब्लॉक लावायचे यावर वाद. अखेर ६ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी आहे, ती सहा महिन्यांत संपवा. ९४ परवानाधारक हातरिक्षावाल्यांचं पुनर्वसन करा. राज्याने ई-रिक्षा विकत घेऊन त्यांना भाड्याने चालवायला द्याव्यात, गुजरातमध्ये केवडियाला तशी पद्धत आहे. आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही. न्यायालयाने १९८० च्या पंजाबमधल्या सायकलरिक्षावाल्यांच्या खटल्याची आठवणही करून दिली. म्हणजे तत्त्व पंचेचाळीस वर्षांपूर्वीच मान्य झालं होतं. ते नेरळचा घाट चढायला इतका वेळ लागला.

या निर्णयावर जी कुरकुर ऐकू येते, तिला उत्तर द्यायला हवं.

पहिली कुरकुर पर्यटकांची. 'माथेरानचं माथेरानपण जाईल.' माफ करा, पण माथेरानपण म्हणजे नेमकं काय? १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब या डोंगरावर चढले आणि इंग्रजांना हे ठिकाण 'सापडलं'. खालच्या ठाकर-कातकऱ्यांना ते हरवलेलं नव्हतंच. पुढे साहेबलोक उन्हाळ्यात वर राहायला येत, ते पालखीत बसून आणि घोड्यावर. आपण साहेब गेल्यावर त्यांची पालखी तेवढी ठेवली, तिला चाकं लावली आणि तिला 'वारसा' म्हणायला लागलो. ज्याला हा वारसा इतका प्रिय आहे, त्याने एक दिवस पुढचा दांडा धरून दस्तुरी ते बाजार येऊन दाखवावं. तसं नसेल तर त्याने चालावं. पाय असलेल्या माणसाने अडीच किलोमीटर चालल्याने माथेरानपण अजिबात कमी होत नाही.

दुसरी कुरकुर अधिक गंभीर आहे, ती घोडेवाल्यांची. त्यांच्यात मुसलमान आहेत, धनगर आहेत, इतरही आहेत. घोडा हेच त्यांचं शेत. ई-रिक्षा आली की आमचं गिऱ्हाईक जाईल, शिवाय गुळगुळीत ब्लॉकवर घोड्याचा पाय घसरतो, असं ते म्हणतात. हे म्हणणं झटकून टाकणारे लोक मला आवडत नाहीत. गरिबाच्या एका पोटासाठी दुसऱ्या गरिबाच्या पोटावर पाय द्यायचा, हा न्याय नव्हे. पण त्याचं उत्तर हातरिक्षा चालू ठेवणं हेही नव्हे. न्यायालयाने ब्लॉकची परवानगी दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यापुरती दिली आहे, आतल्या वाटा आणि पायवाटा मातीच्याच राहणार आहेत. पॉइंटवर फिरायला घोडा आणि नाक्यापासून बाजारापर्यंत ई-रिक्षा, अशी कामाची विभागणी करून ती लेखी नियमात आणता येते. घोडेवाल्यांना हमीचे दर, जनावरांचा दवाखाना, मंदीच्या पावसाळी महिन्यांत आधार, हे मागता येतं. ते न मागता दोन मजुरांना एकमेकांसमोर उभं करून वरून मजा बघणारे बाजारात कमी नाहीत.

तिसरी कुरकुर, 'आज ई-रिक्षा, उद्या मोटार'. ही भीती निराधार नाही. दार किलकिलं झालं की त्यातून ठेकेदार आधी घुसतो, हा आपला अनुभव आहे. म्हणूनच संख्येवर मर्यादा हवी, आणि रिक्षा त्याच माणसाच्या हातात हवी जो काल ती ओढत होता. भाड्याचा दर इतका ठेवू नये की दिवसभर चालवून त्याच्या हातात काल इतकेच पैसे उरतील. उद्या या रिक्षा एखाद्या पैसेवाल्याच्या नावावर आणि जुना ओढणारा त्याचा रोजंदार, असं झालं तर माणसाच्या मानेवरचं जू फक्त बदलेल. त्याकडे लक्ष ठेवणं हे पर्यावरणवाद्यांचंही काम आहे. जंगलाची काळजी असलेल्या माणसाने जंगलात राबणाऱ्याचा पगार विचारला तर जंगलाचं काही बिघडत नाही.

आणखी एक वर्तुळ आहे, बाजाराच्याही बाहेरचं. माथेरानच्या पायथ्याला आणि उतारावर ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथल्या बाया करवंदं, जांभळं, रानभाज्या घेऊन कड्याच्या वाटेने बाजारात चढतात आणि पाटीत मावेल तेवढं विकून उतरतात. रस्ता नसल्याने आजाऱ्याला झोळीत घालून खाली न्यावं लागतं, ही तक्रार या वाड्यांची जुनी आहे. वर पाहुण्याला रिक्षा ओढून नेणारी व्यवस्था आहे आणि खाली बाळंतिणीला झोळी, दोन्ही खांद्यांवरच. एक खांदा करमणुकीचा, दुसरा नाइलाजाचा. संवेदनशील क्षेत्राचा नकाशा काढताना झाडाची, मातीची संवेदना मोजली. माणसाचीही मोजायला हवी होती.

मग आपण, म्हणजे मराठी मुसलमानांनी, यात काय करायचं?

माझं पहिलं म्हणणं, पीरभॉयांसोबत भाई कोतवालांचंही नाव आपल्या मुलांना शिकवा. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, १ डिसेंबर १९१२ चा जन्म, याच माथेरानचा, नाभिक कुटुंबातला मुलगा. वकील झाला, पण कोर्टात रमण्यापेक्षा शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी आणि मुलांसाठी शाळा काढत बसला. १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने हुतात्मा झाला. एकाच डोंगराची ही दोन माणसं. एकाने डोंगरावर जाण्याची वाट बांधली, दुसऱ्याने त्या डोंगराखालच्या कुळांसाठी जीव दिला. आपल्या मुलांना पहिला 'आपला' आणि दुसरा 'त्यांचा' असं शिकवायचं असेल, तर मग दुसऱ्या शाळेत उलटं शिकवलं जातं तेव्हा रडायचं नाही.

दुसरं, आपल्या मशिदींत आणि मदरशांत मजुराच्या हक्काबद्दल बोलतात. मजुरी थकवू नये, ताकदीबाहेरचं ओझं लादू नये, जनावरालाही उपाशी जुंपू नये, हे जुम्याच्या बयानात मी लहानपणापासून ऐकत आले. ते माथेरानच्या हातरिक्षेला लागू आहे की नाही? लागू असेल तर सुट्टीत सहकुटुंब जाऊन त्या रिक्षेत बसणारे आपले हाजीसाहेब त्यावर काय म्हणतात? वय झालं, गुडघे दुखतात, हे कारण मी समजू शकते. पण धडधाकट तरुण जोडपं 'मजा' म्हणून बसतं, तेव्हा त्यांना टोकणारं कुणी घरात हवं. 'आम्ही बसलो नाही तर त्याचं पोट कसं भरेल?' हे उत्तर मला माहीत आहे. हाच युक्तिवाद डोक्यावरून मैला वाहण्याच्या बाबतीतही झाला होता. पोट भरण्याचं साधन बदलून देता येतं. त्यासाठी भांडावं लागतं, एवढंच.

तिसरं, ज्यांना वर जायचं आहे त्यांनी पुढच्या वेळी तीन गोष्टी विचाराव्यात. ही ई-रिक्षा कुणाच्या नावावर आहे? चालवणारा काल काय करत होता? दिवसाअखेर त्याच्या हातात किती राहतात? नगरपरिषदेला, आमदाराला, हॉटेलवाल्याला हेच विचारा. १९०५ पासून या गावाला स्वतःची नगरपालिका आहे, म्हणजे प्रश्न विचारायचा पत्ता जुनाच आहे.

न्यायालयाचा आदेश हा कागद असतो. तो चढावर आपोआप चढत नाही, त्यालाही कुणीतरी मागून रेटावं लागतं. पीरभॉयांच्या रेल्वेचा अभिमान ज्यांना आहे, त्यांनी निदान हे रेटण्याचं काम करावं. माथेरानला जाण्यासाठी माणसाला पाठीवर घ्यायची गरज पडू नये, एवढ्यासाठीच तर ते रुळ टाकले होते.